अल्डॉल कंडेन्सेशन: बाण पाठ आहेत, पण रिॲक्शन पुढे का जाते?

प्रश्न असा आला आहे: बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अल्डॉल कंडेन्सेशनची मेकॅनिझम पाठ आहे, कागदावर बाणही बरोबर काढता येतात. पण तीन गोष्टी पटत नाहीत. एक, पाण्याचा पीकेए (हा आकडा जितका कमी तितका प्रोटॉन सहज सुटतो) १५.७ आणि ॲसिटोनचा १९.३ असताना हायड्रॉक्साइड ॲसिटोनचा प्रोटॉन काढतोच कसा? दोन, हायड्रॉक्साइड हा वाईट लिव्हिंग ग्रुप, म्हणजे रेणूतून सहज न सुटणारा गट, असं सगळीकडे शिकवतात, मग शेवटच्या पायरीत तो बाहेर कसा पडतो? तीन, दोन वेगळी कार्बोनिल संयुगं दिली की कोण कोणावर हल्ला करतं, हे कसं ठरवायचं?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. आणि खरं तर ते तीन नाहीत, एकच आहे. अल्डॉल म्हणजे दोन कार्बोनिल संयुगं, कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेली ॲल्डिहाइडं किंवा कीटोन, नव्या कार्बन-कार्बन बंधाने जोडणं, आणि त्याची प्रत्येक पायरी उलट फिरू शकते. पाठ्यपुस्तकात सोयीसाठी एकेरी बाण छापतात आणि तिथेच घोळ होतो. ही रिॲक्शन कुठल्याही एका पायरीच्या जोरावर पुढे जात नाही. समतोल, म्हणजे आपलं रोजचं इक्विलिब्रियम, शेवटी कुठे झुकतो यावर सगळं ठरतं. मी कारखान्याच्या आर अँड डी लॅबमध्ये अल्डॉलच्या बॅचेस केल्या आहेत, मधूनमधून कॉलेजात शिकवलंही आहे. माझा अनुभव असा की बाण चुकणारे विद्यार्थी थोडे, समतोलाकडे न बघणारे फार.

आधी पहिला प्रश्न, आणि तो आकड्यांनीच सोडवू. एक मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचा पीएच १४ धर. ॲसिटोनचा पीकेए १९.३. फरक ५.३ चा, म्हणजे साधारण दोन लाख ॲसिटोन रेणूंमागे एक रेणू कुठल्याही क्षणी एनोलेटच्या, म्हणजे प्रोटॉन गमावलेल्या ऋण रूपात असतो. ॲसिटाल्डिहाइडचा पीकेए १६.७ च्या आसपास, तिथे हेच प्रमाण पाचशेत एक येतं. तेव्हा तुझी शंका बरोबर आहे, हायड्रॉक्साइड ॲसिटोनला ‘पूर्ण’ डिप्रोटोनेट करू शकत नाही. पण तशी गरजच नाही. तिकिटाची एकच खिडकी उघडी असली तरी रांग पुढे सरकते, फक्त खिडकीवरचा माणूस तिकीट घेऊन बाजूला व्हायला हवा. एनोलेट तयार झाला, त्याने दुसऱ्या कार्बोनिलवर हल्ला केला आणि तो संपला, की समतोल पुन्हा नवा एनोलेट तयार करतो. साठा छोटा असतो, पण तो सतत भरत राहतो.

शिवाय इथे कमी एनोलेट असणं हीच सोय आहे. एनोलेटला हल्ला करायला न बदललेलं कार्बोनिल संयुग भोवती हवं ना? सगळ्याचाच एनोलेट झाला तर हल्ला कोणावर करणार? म्हणून साध्या अल्डॉलला पातळ सोडियम हायड्रॉक्साइड पुरतो आणि तो कॅटॅलिस्ट म्हणून काम करतो. एलडीएसारखा (लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड) दणकट बेस वापरायचा तो नेमका उलट हेतूने. त्याच्या कॉन्जुगेट ॲसिडचा, म्हणजे त्याने प्रोटॉन घेतल्यावर होणाऱ्या ॲसिडचा, पीकेए ३६ च्या घरात आहे, त्यामुळे उणे ७८ अंशांना टीएचएफ या सॉल्व्हंटमध्ये तो कीटोनचा जवळजवळ पूर्ण एनोलेट करून टाकतो. मग दुसरं ॲल्डिहाइड आपण हाताने, नंतर घालतो. तिथे कोणी कोणावर हल्ला करायचा ते आपण ठरवतो, समतोल नाही.

अल्फा हायड्रोजन, म्हणजे कार्बोनिलच्या शेजारच्या कार्बनवरचा, इतका ॲसिडिक का, हे एकदा नीट डोक्यात बसव. इथेनचा पीकेए ५० च्या आसपास, ॲसिटोनचा १९.३. म्हणजे शेजारी एक कार्बोनिल आल्यामुळे दहाच्या तीस घातांचा फरक पडला. कारण प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋण प्रभार कार्बनवर अडकून पडत नाही, तो ऑक्सिजनवर जातो. एनोलेटचं खरं रूप दोन रेझोनन्स चित्रांच्या मधलं आहे आणि प्रभाराचा मोठा वाटा ऑक्सिजनकडे असतो. मात्र नवा बंध कार्बनकडून होतो. इथे नेहमीची एक चूक सांगतो. काही जण ॲल्डिहाइडचा सीएचओमधला हायड्रोजन काढतात. तो निघत नाही. त्या कार्बन-हायड्रोजन बंधाचे इलेक्ट्रॉन कार्बोनिलच्या प्रतलात असतात, पाय (π) ऑर्बिटलशी काटकोनात, त्यामुळे त्या प्रभाराला ऑक्सिजनवर पसरायला वाटच मिळत नाही. अल्फा म्हणजे कार्बोनिलला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन, खुद्द कार्बोनिल कार्बनवरचा नव्हे.

ही पायरी खरंच मागेपुढे होते का, याची एक सोपी खूण आहे. ॲसिटोन जड पाण्यात थोड्या बेससोबत ठेवलं तर त्याचे सहाच्या सहा हायड्रोजन हळूहळू ड्युटेरियमने बदलत जातात. एनएमआरच्या नळीत आपण जे ड्युटेरेटेड ॲसिटोन वापरतो त्यामागे हीच देवाणघेवाण आहे. प्रोटॉन जातो, परत येतो, पुन्हा जातो. ॲसिटोनच्या बाबतीत ही ये-जा अल्डॉलच्या मानाने भराभर होते. रेंगाळतो तो दोन रेणू जोडण्याचा टप्पा.

आता मधली पायरी, एनोलेटचा हल्ला. ॲसिटाल्डिहाइड घेतलं तर एनोलेटचा अल्फा कार्बन दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर जातो, तिथला पाय बंध ऑक्सिजनवर उलटतो आणि अल्कॉक्साइड मिळतो. तो पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड परत मिळतो आणि हाती येतं ३-हायड्रॉक्सीब्युटेनाल. अल्डॉल म्हणतात ते हेच. बाण काढताना एक शिस्त पाळ. एनोलेट ऑक्सिजनवर ऋण प्रभार दाखवून काढला असेल, तर पहिला बाण ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉन जोडीतून कार्बन-ऑक्सिजन बंधाकडे आणि दुसरा कार्बन-कार्बन दुहेरी बंधातून समोरच्या कार्बोनिल कार्बनकडे. बाण ऑक्सिजनवरून थेट समोरच्या कार्बनवर नेलास तर तू ऑक्सिजनचा बंध केलास, कार्बनचा नाही. उत्तरपत्रिकेत गुण बहुतेक इथेच जातात.

ही रिॲक्शन १८७२ साली पॅरिसमध्ये वुर्ट्झ यांनी आणि त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये बोरोदिन यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे मांडली. बोरोदिन पेशाने डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञ, पण जगाला जास्त माहीत आहेत ते संगीतकार म्हणून. असो.

इथपर्यंत ॲल्डिहाइड आणि कीटोन यांच्यात काही फरक दिसत नाही. फरक समतोलात आहे. साध्या ॲल्डिहाइडमध्ये जोडणीचा समतोल उजवीकडे, अल्डॉलच्या बाजूला झुकतो. कीटोनमध्ये तो डावीकडे झुकतो. कीटोनच्या कार्बोनिलला दोन्ही बाजूंनी अल्किल गट असतात, ते त्याला स्थिर करतात, आणि जोडणी झाली की त्याच कार्बनभोवती गर्दीही होते. ॲसिटोनमध्ये बेस टाकून खोलीच्या तापमानाला कितीही वेळ ढवळत बस, डायॲसिटोन अल्कोहोल काही टक्क्यांच्या पुढे जात नाही. बेस वाढवून उपयोग नाही. कॅटॅलिस्ट समतोलाकडे लवकर पोचवतो, समतोल हलवत नाही.

मग डायॲसिटोन अल्कोहोल बनवतात कसं? प्रयोगशाळेतली जुनी पद्धत मला अजूनही फार आवडते, कारण अल्डॉल म्हणजे काय ते त्यात डोळ्यांना दिसतं. सॉक्सलेट उपकरण घ्यायचं, तेच जे वनस्पतीतलं तेल काढायला वापरतात. खालच्या फ्लास्कमध्ये ॲसिटोन. वरच्या थिंबलमध्ये, कागदी नळीत, बेरियम हायड्रॉक्साइड. फ्लास्क तापवला की ५६ अंशांना उकळणारं ॲसिटोन वाफ होऊन वर जातं, कंडेन्सरमध्ये थंड होतं आणि थेंब थेंब थिंबलमधल्या बेरियम हायड्रॉक्साइडवर पडतं. तिथे समतोल साधतो, म्हणजे थोडंसं डायॲसिटोन अल्कोहोल तयार होतं. सॉक्सलेट भरलं की सायफनने सगळा द्रव खाली फ्लास्कमध्ये उतरतो. बेरियम हायड्रॉक्साइड ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ते वरच राहतं. खाली फ्लास्कमध्ये बेस नाही, म्हणून डायॲसिटोन अल्कोहोल मागे फिरू शकत नाही. आणि त्याचा उत्कलनबिंदू १६६ अंशांच्या आसपास असल्याने ते वरही जात नाही. पुन्हा वर जातं ते फक्त ॲसिटोन. अशा फेऱ्या तासन् तास चालू ठेवल्या की काही टक्क्यांच्या समतोलातून सत्तर टक्क्यांच्या आसपास उत्पन्न निघतं. मेकॅनिझममध्ये काडीचाही बदल केला नाही, एक बाण वेगळा काढला नाही. फक्त तयार झालेला माल बेसपासून लांब नेला.

याची दुसरी बाजूही बघ. डायॲसिटोन अल्कोहोलमध्ये अल्कलीचा अंश राहिला आणि तू ते डिस्टिल करायला बसलास, तर रिसीव्हरमध्ये ॲसिटोन जमायला लागतं. रेट्रो-अल्डॉल, म्हणजे अल्डॉल उलट फिरून तुटणं. कारखान्यात म्हणूनच डिस्टिलेशनच्या आधी बेस काळजीपूर्वक न्यूट्रल करतात.

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्यात खरी गंमत आहे. हायड्रॉक्साइड वाईट लिव्हिंग ग्रुप आहे, हे खरंच आहे. टर्शरी ब्यूटाइल अल्कोहोल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळलंस तरी पाणी निघणार नाही. मग ३-हायड्रॉक्सीब्युटेनालमधून का निघतं?

कारण तो ओएच साध्या जागी नाही, कार्बोनिलच्या बीटा, म्हणजे अल्फाच्या पुढच्या, कार्बनवर आहे. आणि मधल्या अल्फा कार्बनवर अजून एक ॲसिडिक हायड्रोजन शिल्लक आहे. बेस आधी तो काढतो, पुन्हा एनोलेट होतो. आता एनोलेटमध्ये इलेक्ट्रॉनांचा साठा बीटा कार्बनच्या दारात आहे, आतून जोर लावून तो ओएचला बाहेर ढकलतो. प्रोटॉन आधी जातो, लिव्हिंग ग्रुप नंतर. दोन वेगळ्या पायऱ्या, मध्ये कार्बॅनायनसारखा एनोलेट. याला ई-वन-सीबी म्हणतात. ई-टूसारखं सगळं एका दमात होत नाही, आणि ई-वनसारखा कार्बोकॅटायनही होत नाही. ओएच जाताना जड वाटतो, पण ढकलणारा तितकाच दणकट आहे, आणि बाहेर पडल्यावर मिळणारं कार्बन-कार्बन दुहेरी बंध आणि कार्बोनिल यांचं कॉन्जुगेशन स्थिर आहे. ॲसिटाल्डिहाइडपासून मिळतं ते क्रोटोनाल्डिहाइड, त्यातही मुख्यतः ट्रान्स.

ही पायरी बहुधा उष्णता मागते. म्हणून साध्या ॲल्डिहाइडचं अल्डॉल थंडीत थांबवता येतं, तापवलं की पाणी निघून जातं. आणि बेंझिनच्या कड्याशी कॉन्जुगेशन मिळत असेल तर खोलीच्या तापमानालाही थांबत नाही. पाणी निघून गेल्यावर मागे येणं अशक्य नाही, पण अवघड होतं, आणि मागच्या सगळ्या डळमळीत समतोलांना इथे एक खुंटी मिळते. कीटोनची जोडणी डावीकडे झुकलेली असली तरी शेवटचा डिहायड्रेशन तिला ओढून नेतो. आता ‘अल्डॉल ॲडिशन’ आणि ‘अल्डॉल कंडेन्सेशन’ अशी दोन नावं का आहेत तेही लक्षात येईल. पाणी बाहेर पडलं तरच कंडेन्सेशन.

इथे एक चूक इतकी सर्रास दिसते की वेगळी सांगतो. बेसिक माध्यमात डिहायड्रेशन दाखवताना विद्यार्थी ओएचवर प्रोटॉन बसवून ओएचटू प्लस करतात आणि पाणी घालवतात. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये असं काही टिकत नाही. बेसिक माध्यमात तगडं ॲसिड काढायचं नाही, ॲसिडिक माध्यमात तगडा बेस काढायचा नाही. मेकॅनिझम तपासायला हा एक नियम पुष्कळदा पुरतो.

ॲसिडमध्ये मात्र तेच चालतं. तिथे हल्ला करणारा एनोलेट नसतो, एनॉल, म्हणजे त्याचंच प्रभार नसलेलं रूप, असतो. तो एनोलेटच्या मानाने मवाळ असतो, म्हणून समोरचं कार्बोनिल प्रोटोनेट होऊन जास्त भुकेलं झालेलं असतं. आणि शेवटी ओएच पाण्याच्या रूपात सहज निघतो. त्यामुळे ॲसिडमध्ये अल्डॉलपाशी थांबणं कठीण, गाडी सहसा थेट अनसॅच्युरेटेड कार्बोनिलपर्यंत जाते. कधी त्याही पुढे. ॲसिटोन सल्फ्युरिक ॲसिडबरोबर घेतलं तर तीन रेणू एकत्र येऊन, पाण्याचे तीन रेणू बाहेर टाकून मेसिटिलीन, म्हणजे १,३,५-ट्रायमेथिलबेंझिन देतात. ॲसिडची मेकॅनिझम यापेक्षा जास्त लांबवत नाही. बेसची नीट समजली की ती तुझी तुला काढता येईल.

डिहायड्रेशन समजलं की नाही याची परीक्षा मी एका उदाहरणाने घेतो. आयसोब्युटिराल्डिहाइडची, म्हणजे २-मेथिलप्रोपेनालची, स्वतःशीच अल्डॉल काढ. अल्फा कार्बनवर एकच हायड्रोजन आहे, तो पहिल्या पायरीत गेला. जोडणी झाली, ३-हायड्रॉक्सी-२,२,४-ट्रायमेथिलपेंटेनाल मिळालं. आता पाणी काढून दाखव. काढता येत नाही, कारण अल्फा कार्बनवर काढायला हायड्रोजनच उरला नाही. रिॲक्शन अल्डॉलवरच थांबते. ज्यांनी ‘अल्डॉल म्हणजे शेवटी पाणी काढायचं’ असं पाठ केलंय ते इथे कार्बनला पाच बंध देऊन मोकळे होतात. हे अल्डॉल पुढे तिसऱ्या ॲल्डिहाइडच्या रेणूबरोबर वेगळ्याच वाटेने जाऊन एक एस्टर अल्कोहोल देतं, जे भिंतीला लावायच्या इमल्शन पेंटमध्ये थर नीट जुळून यावा म्हणून घालतात.

तिसरा प्रश्न, क्रॉस अल्डॉल. दोन वेगळी ॲल्डिहाइडं घेतलीस आणि दोघांनाही अल्फा हायड्रोजन असले, तर चार अल्डॉल मिळतात, दोन स्वतःशी आणि दोन एकमेकांशी. असं मिश्रण वेगळं करण्यात आयुष्य जातं. म्हणून ज्याला मुळात अल्फा हायड्रोजनच नाहीत असा एक जोडीदार निवडायचा. बेन्झाल्डिहाइड, फॉर्माल्डिहाइड. हे एनोलेट होऊच शकत नाहीत, फक्त हल्ला सोसतात. मग दोनच प्रश्न उरतात: एनोलेट कोण होऊ शकतं, आणि कोणाचं कार्बोनिल जास्त इलेक्ट्रोफिलिक आहे? ॲसिटोन आणि बेन्झाल्डिहाइड असतील तर एनोलेट फक्त ॲसिटोनचा होतो. त्याने दुसऱ्या ॲसिटोनवर हल्ला केला तरी तो समतोल डावीकडचा, तो सुटून परत येतो. ॲल्डिहाइडवर हल्ला केला तर पाणी निघून जातं आणि माघार बंद होते. चुकीच्या वाटा बंद नाहीत, फक्त त्यांच्यावरून परत येता येतं. क्लायसन-श्मिट रिॲक्शन म्हणतात ती हीच.

तुमच्या प्रॅक्टिकलला डायबेन्झालॲसिटोन असेल तर ते करताना हे सगळं समोर घडताना बघ. ०.१ मोल बेन्झाल्डिहाइड म्हणजे १०.६ ग्रॅम, ०.०५ मोल ॲसिटोन म्हणजे २.९ ग्रॅम. दोन्ही एकत्र करून ठेवायचं. वेगळ्या भांड्यात १० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिली पाण्यात, त्यात ८० मिली इथेनॉल, आणि तापमान २० ते २५ अंशांवर आणून ठेवायचं. इथेनॉल कशाला? बेन्झाल्डिहाइड पाण्यात फारसं विरघळत नाही, दोघांची भेट व्हावी म्हणून. आता मिश्रणाचा निम्मा भाग ढवळत घालायचा. दोन-तीन मिनिटांत द्रव पिवळसर गढूळ होतो आणि मग कापसासारखा पिवळा साका पडायला लागतो. पाऊण-एक तास ढवळत राहायचं, उरलेला निम्मा भाग मध्येच, पंधरा मिनिटांनी, घालायचा. हा पिवळा रंग म्हणजे दोन बेंझिन कडी, दोन दुहेरी बंध आणि मधलं कार्बोनिल यांचं लांबलचक कॉन्जुगेशन. आणि घन पदार्थ द्रावणातून बाहेर पडतो, म्हणजे समतोलातून एक भागीदार निघून गेला. सॉक्सलेटमध्ये जे काम सायफन करत होता ते इथे साका करतो.

प्रमाण इथे फार महत्त्वाचं. ॲसिटोन सढळ हाताने ओतलंस तर एकाच बाजूला कंडेन्सेशन झालेलं बेन्झालॲसिटोन मिळतं. ते ४० अंशांच्या थोडं वर वितळतं, त्यामुळे अशुद्ध असताना चिकट तेलासारखं राहतं आणि फिल्टर पेपरवर काही येत नाही. ॲसिटोन झटकन उडतं म्हणून थोडं जास्त घ्यायचा मोह होतो, तो टाळ. बेन्झाल्डिहाइडची बाटली जुनी असेल तर झाकणाशी पांढरे स्फटिक दिसतील. ते बेन्झॉइक ॲसिड, हवेने ऑक्सिडाइझ झालेलं. ते बेस खातं आणि तुझं प्रमाणही बिघडवतं, म्हणून ताजं डिस्टिल केलेलं वापर. बेस भलताच तीव्र केलास तर बेन्झाल्डिहाइड कॅनिझारो रिॲक्शनच्या (एका रेणूचं अल्कोहोल, दुसऱ्याचं ॲसिड) वाटेला लागतं, कारण अल्फा हायड्रोजन नसलेल्या ॲल्डिहाइडला तोही रस्ता उघडा आहे. फिल्टर केल्यावर पाण्याने इतकं धू की धुतलेलं पाणी लिटमसला अल्कली दाखवणार नाही. नाहीतर रीक्रिस्टलायझेशनच्या वेळी गरम सॉल्व्हंटमध्ये उरलेला बेस पुन्हा कामाला लागतो आणि माल तांबूस होतो. थिअरीनुसार ११.७ ग्रॅम. शुद्ध माल ११० ते ११२ अंशांना वितळतो. मेल्टिंग पॉइंट खाली आणि पसरट आला तर आधी संशय बेन्झालॲसिटोनवर घे.

सिनामाल्डिहाइडच्या बाबतीत, म्हणजे दालचिनीच्या वासाच्या पदार्थाबाबत, आणखी एक युक्ती लागते. बेन्झाल्डिहाइडबरोबर ॲसिटाल्डिहाइड घ्यायचं, पण ॲसिटाल्डिहाइड स्वतःशीच जुळायला तयारच असतं. म्हणून बेन्झाल्डिहाइड आणि पातळ बेस आधी भांड्यात, ॲसिटाल्डिहाइड वरून थोडं थोडं. भांड्यात कुठल्याही क्षणी ते इतकं कमी असतं की त्याच्या एनोलेटला भेटतं ते बहुतेक वेळा बेन्झाल्डिहाइडच. कारखान्यात ‘ॲडिशन रेट’ नावाची गोष्ट ऑपरेटरला जीव तोडून का पाळायला लावतात, त्याचं एक कारण हे.

सुगंधी रसायनांच्या धंद्यात अल्डॉलचं सगळ्यात देखणं उदाहरण गवती चहाच्या तेलातून येतं. त्या तेलाचा मुख्य घटक सिट्राल. सिट्रालला भरपूर ॲसिटोनमध्ये बेसच्या साक्षीने कंडेन्स केलं की स्यूडोआयोनोन मिळतं, आणि त्याचं ॲसिडने कडं बंद केलं की आयोनोन, व्हायोलेट फुलांच्या वासाचं. टीमान आणि क्रूगर यांनी हे १८९३ मध्ये केलं. पुढे बीटा-आयोनोन व्हिटॅमिन ए बनवण्याचा कच्चा माल झाला. ॲसिटोन भरपूर घ्यायचं कारण आता तुला सांगायला नको: सिट्रालने ॲसिटोनच्या दोन्ही बाजू पकडू नयेत. पण दुसरा धोका वेगळा आहे. सिट्राल स्वतःच अल्फा-बीटा अनसॅच्युरेटेड ॲल्डिहाइड, म्हणजे जणू आधीच झालेल्या एका अल्डॉलचं फळ. बेसमध्ये जास्त वेळ राहिलं तर त्यावर पाणी जोडलं जातं, रेट्रो-अल्डॉल होतो आणि ते मेथिलहेप्टेनोन व ॲसिटाल्डिहाइड अशा दोन तुकड्यांत मोडतं. ‘कंडेन्सेशन झालं की मागे येत नाही’ हा नियम इतपतच खरा.

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर ब्युटिराल्डिहाइड. प्रोपिलीनपासून ते बनवतात, त्याची स्वतःशी अल्डॉल करून, पाणी काढून, हायड्रोजनेशन करून २-एथिलहेक्झेनॉल मिळवतात, आणि त्याचा थॅलेट एस्टर मऊ पीव्हीसीमध्ये प्लॅस्टिसायझर म्हणून जातो. कागदावर हे काढताना बरेच जण आठ कार्बनची सरळ साखळी काढतात. हल्ला करणारा कार्बन साखळीच्या टोकाचा नाही, अल्फाचा आहे, त्यामुळे एथिल गट फांदी म्हणून बाहेर लटकतो. मिळतं ते २-एथिलहेक्स-२-इनाल. नावातला ‘२-एथिल’ तिथूनच आला.

आपल्या शरीरातही हीच रिॲक्शन आहे, पण उलट्या दिशेने. ग्लायकोलिसिसमध्ये अल्डोलेज हे एन्झाइम फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. तो शुद्ध रेट्रो-अल्डॉल. प्रमाणित स्थितीत ही पायरी चढाची आहे, मोलमागे साधारण २४ किलोज्यूलची. तरी पेशीत ती पुढे जाते, कारण तुकडे तयार होताच पुढची एन्झाइमं ते उचलून वापरतात. पुन्हा तोच सॉक्सलेट. प्राण्यांच्या अल्डोलेजमध्ये लायसिनचा अमिनो गट कीटोनशी इमाइन (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध) करतो आणि एनोलेटच्या जागी एनामाइन, म्हणजे त्याचा नायट्रोजनवाला भाऊ, वापरला जातो. प्रोलिन या साध्या अमिनो ॲसिडने फ्लास्कमध्ये हेच करता येतं, आणि तेही डाव्या-उजव्या रूपांपैकी एकच रूप जास्त मिळेल असं, हे बेंजामिन लिस्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं. ऑर्गेनोकॅटॅलिसिससाठी लिस्ट आणि मॅकमिलन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. एमएस्सीला गेलास की झिमरमन-ट्रॅक्सलरची खुर्चीसारखी ट्रान्झिशन स्टेटही भेटेल. ती इथे नको, तुझ्या प्रश्नाला तिची गरज नाही.

शेवटी रेणूच्या आतल्या अल्डॉलकडे, कारण परीक्षेत नवीन म्हणून येतं ते बहुतेक हेच. हेक्झेन-२,५-डायोन घे आणि बेस घाल. अल्फा हायड्रोजन दोन प्रकारचे आहेत: टोकाच्या मेथिलवरचे आणि मधल्या सीएचटूवरचे. मधल्या कार्बनने पलीकडच्या कार्बोनिलवर हल्ला केला तर तीन कार्बनचं कडं होतं. टोकाच्या मेथिलने केला तर पाचाचं. एनोलेट दोन्हीकडे होतो, हल्लाही दोन्ही होऊ शकतात. पण तिनाचं कडं ताणलेलं, ते लगेच उलगडून मूळ डायोनवर येतं. पाचाचं टिकतं आणि पाणी बाहेर टाकून ३-मेथिलसायक्लोपेंट-२-इनोन देतं. ‘बेस आधी कुठला प्रोटॉन काढतो’ यावर डोकं फोडणाऱ्यांचं उत्तर इथे चुकतं. कुठलाही काढू दे, शेवटी टिकणारं कडं कोणतं ते बघायचं.

आता स्वतः हेप्टेन-२,६-डायोन करून बघ. कार्बनना आकडे टाक, प्रत्येक अल्फा कार्बनपासून पलीकडच्या कार्बोनिलपर्यंत मोज, किती जणांचं कडं होतं ते लिही, आणि प्रत्येक पायरीला दुहेरी बाण काढ. चाराचं आणि सहाचं असे दोन पर्याय निघतील, आणि उत्तर ३-मेथिलसायक्लोहेक्स-२-इनोन यायला हवं. सात जणांचं कडं आलं असेल तर कार्बोनिलचा कार्बन दोनदा मोजला गेलाय.